लक्षवेधी नाना

नाना कुणाचीही तक्रार एकदा ऐकून उठत नसत. तीनदा सांगायला लावत. पहिल्यांदा माणूस रडत सांगायचा, ते नुसते ऐकायचे. मग म्हणायचे, "आता शिव्या घालून सांगा, लाजू नका. वहिनी कानावर हात ठेवतील." वहिनी म्हणजे मी. माणूस तोंड मोकळं करायचा, आजूबाजूचे हसायचे. आणि तिसऱ्यांदा नाना खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "आता असं सांगा, की समोर तुमचा वैरी बसलाय आणि त्याला तुमचा एकही शब्द खोटा पाडता येऊ नये." तेव्हा कुठे खिशातली वही बाहेर यायची. मी कित्येकांना त्या तिसऱ्या खेपेला आपलंच दुखणं पहिल्यांदा नीट समजताना पाहिलं आहे.

आमदार होते ते. वरच्या सभागृहातले, विधान परिषदेचे. लोकांनी नाव पाडलं होतं लक्षवेधी नाना, कारण अधिवेशन आलं की नानांची लक्षवेधी लागलेलीच असायची. तातडीच्या गोष्टीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं, मग मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं, हे आमच्या तालुक्यात म्हशी वळणाऱ्यालासुद्धा नानांमुळे कळलं. आणि वरच्या सभागृहाचे असल्यामुळे त्यांना आमची मतं लागत नसत. आम्हाला त्याचंच मोठं अप्रूप. "मत मागायला येत न्हाई, तो कशाला खोटं बोलंल?" असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची. किती साधा हिशेब होता बघा, आणि किती चुकीचा.

माझी ओळख सांगायची राहिलीच. पौडला तहसील कचेरीच्या भिंतीलगत, चिंचेखाली माझं टेबल होतं. अर्ज लिहून द्यायचं. मूळ काम आमच्या ह्यांचं. ह्यांचा उजवा हात अर्धांगानं गेला, तेव्हा हे बोलायचे आणि मी लिहायची. शाळा माझी चौथीपर्यंत. पण ऐकून ऐकून "सबब विनंती की" कुठे घालायचं ते मला वकिलापेक्षा चांगलं कळायला लागलं. हे गेले, टेबल माझं झालं, परवानाही माझ्या नावावर झाला. सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, वाट अडवली, रेशनकार्ड फाटलं, तालुक्याचं सगळं रडगाणं आधी माझ्या टेबलावर आणि मग आत साहेबांकडे.

नाना पहिल्यांदा आले ते एका अर्जाच्या मागे. कुणीतरी माझा अर्ज त्यांच्या हाती दिला होता, तो घेऊन सरळ टेबलाशी आले. खादीचा सदरा, बाहीवर शाईचा डाग, पायात साध्या चपला.

"हे तुम्ही लिहिलंत, वहिनी?"

"हो. काही चुकलं का?"

"एकच शब्द चुकला. 'मायबाप सरकार' काढा. सरकार आपलं मायबाप नाही, आपण त्याला कामाला ठेवलंय. गड्याला कुणी मायबाप म्हणतं का?"

मी म्हटलं, "नाना, गडी कामाला येत नसला की मायबापही म्हणावं लागतं." ते इतके हसले, की आतून कारकून डोकावला. पण त्या दिवसापासून मी तो शब्द कधी लिहिला नाही.

मग ते येतच राहिले. आठवड्यातून एकदा तरी यायचे, टेबलाच्या कडेला बसायचे, बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि लोकांचं ऐकायचे. माझे अर्ज न्यायचे आणि त्यांचे प्रश्न करायचे. मी लिहायची, "संध्याकाळची एसटी बंद केल्याने कॉलेजच्या मुलींना अंधारात पायी यावे लागते." सभागृहात ते व्हायचं, "संध्याकाळची बस बंद केल्याने विद्यार्थिनींचे शिक्षण सुटत आहे, हे खरे आहे काय?" उत्तरं ठरलेली. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. नाना ती उत्तरं आम्हाला मंत्र्याच्या आवाजात वाचून दाखवायचे. "अंशतः खरे आहे म्हणजे काय, माहितीय का वहिनी? मुली अंशतः चालत येतात, अंशतः उडत!" पण एसटी सुरू झाली, बरं का. दोन महिन्यांनी झाली, पण झाली. त्या गाडीनं शिकून गेलेली एक मुलगी पुढे आमच्याच घरात सून म्हणून आली, आता हिंजवडीला कंपनीत आहे. म्हणून मला नानांना सरसकट वाईट म्हणता येत नाही.

सभागृहात जे बोललं जातं त्याची छापील प्रत निघते. नाना ती घेऊन यायचे आणि चिंचेखाली मोठ्यानं वाचायचे, कंसातलं सुद्धा. "अडथळा." "शांत राहा." "हशा." एकदा हिंजवडीच्या रहदारीवर चर्चा होती. मी आपली सहज बोलून गेले होते, की कंपनीची गाडी चौक ओलांडेपर्यंत आमची म्हैस चारा खाते, रवंथ करते आणि झोपून उठते. नानांनी ते जसंच्या तसं सभागृहात सांगितलं. छापून आलं, पुढे कंसात 'हशा'. त्यांनी त्या शब्दाखाली पेनानं रेघ मारली आणि कागद माझ्या हातात दिला. "वाक्य तुमचं, हशाही तुमचा. ठेवा जपून." चौथी शिकलेल्या बाईला हे कुणी कधी दिलं असतं सांगा? तो कागद मी देवाच्या फळीवर ठेवला होता. आमच्या ह्यांच्या फोटोशेजारी.

आता वाडीचं सांगते. तेच सांगायला बसले आहे.

पौडपासून वर, डोंगराच्या कुशीत एकतीस घरांची कातकऱ्यांची वाडी आहे. आम्ही वरची वाडी म्हणतो. आजे-पणजे तिथंच गेले, पण घराखालची जमीन कागदावर दुसऱ्याची. एक वीट बदलायची तरी मालकाला विचारायचं. ठकूबाई त्या वाडीची. माझ्याच वयाची, दिसायला काटकुळी, बोलायला कोयता. वर्षानुवर्षं ती एकच अर्ज घेऊन यायची, की आमच्या घरांपुरती जागा गावठाण म्हणून लावा. अर्ज आत जायचा आणि आतच राहायचा.

मी तिची नानांशी गाठ घालून दिली. नानांनी तिलाही तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी ठकूबाई म्हणाली, "माजा बाप हितं पुरलाय, माजा न्हवरा हितं पुरलाय. मेल्यावर आमाला जागा हाय, जित्तं असंस्तवर न्हाई." नाना लिहायचे थांबले. चष्मा काढून पुसला. आठवड्यानं चालत वाडीवर गेले, तिच्या घरात मांडी घालून खेकड्याचा रस्सा भाकरी खाल्ली, घाम पुसत पुसत दुसऱ्यांदा मागून घेतला.

आणि त्या वर्षी त्यांनी जी लक्षवेधी मांडली ना, तसं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. "सभापती महोदय, या वाडीत मेलेल्या माणसाला जागा आहे, जिवंत माणसाला नाही." मंत्र्यांनी शब्द दिला, मोजणी करून गावठाणाचा प्रस्ताव करू. नानांनी छापील प्रत वाडीवर नेऊन वाचली. बायकांनी त्यांना पळसाच्या पानांच्या द्रोणात मध दिला. ठकूबाई मला म्हणाली, "बाई, हा मानूस आमचा हाय." मी म्हटलं, "मी तुला सांगितलं नव्हतं?" माझी छाती नानांपेक्षा जास्त फुगली होती.

इथं मला माझी चूक सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाडीवरून पौडला पायी यायला तीन तास. आलं की दिवसाची मजुरी बुडते. आणि कचेरीत काय, अर्जातला एक शब्द बदलून आणा म्हणतात, की पुन्हा एकतीस माणसांचे अंगठे आले. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. बाजाराच्या दिवशी वाडीवरची माणसं खाली आली, की कोऱ्या कागदाच्या खालच्या भागात सगळ्यांचे अंगठे घेऊन ठेवायचे, शेजारी मी एकेकाचं नाव लिहायची, आणि वरची जागा मोकळी. गरज पडली की वर मजकूर लिहायचा. आमचे हे असंच करायचे, चिंचेखाली बसणारे सगळेच करायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. लोकांची सोय होती ती. वाडीवरचे त्याला "बाईकडं अंगठा ठेवलाय" म्हणायचे. कुलूप लावून किल्ली ठेवावी तसं.

नानांना ही रीत ठाऊक होती. माझ्या समोरच तर बसायचे.

नागपूरच्या अधिवेशनाला निघायच्या आदल्या दिवशी ते घाईघाईनं आले. चहासुद्धा घेतला नाही. "वहिनी, वाडीचा विषय पुन्हा लागतोय. लोकांचा अर्ज सोबत असला तर जोर येईल. आता कुणाला खाली बोलवायला वेळ नाही. अंगठ्यांचे कागद असतील ना?"

"आहेत की. मजकूर सांगा, लिहून देते."

"मजकूर नागपूरला बसून नीट करतो. सभागृहाची भाषा लागते."

मी पेटी उघडली आणि कागद दिले. दोन कागद, टाचणी लावून. एकतीस अंगठे. आता तुम्ही म्हणाल, शंका नाही आली? नाही आली हो. देवळातल्या गुरवाला नारळ देताना शंका येते का?

ज्या दिवशी विषय होता त्या दिवशी मीच ठकूबाईला निरोप धाडला, की ये, आपल्या वाडीचा विषय निघणार आहे. ती आणखी दोघींना घेऊन खाली आली, ठेवणीतली लुगडी नेसून. सुनेला सुट्टी होती. आमच्या ओसरीवर तिनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. आता सभागृह घरबसल्या दिसतं. बराच वेळ भलतेच विषय चालले, मग नानांचं नाव पुकारलं. नाना उभे राहिले. तोच सदरा, तोच आवाज.

"सभापती महोदय, या वाडीचा प्रश्न मीच या सभागृहात आणला होता. आज सांगताना समाधान वाटतं, की वाडीतील सर्व कुटुंबांनी रस्त्यालगतच्या नव्या जागेत स्वखुशीने स्थलांतर करण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचा अंगठ्यांनिशी दिलेला अर्ज माझ्या हातात आहे. गावठाणाचा प्रस्ताव आता मागे घेण्यास हरकत नसावी."

बाकं वाजली. पुढचा विषय सुरूही झाला.

ठकूबाईनं सुनेला विचारलं, "काय म्हनलं गं नाना?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मग तिनंच हळू सांगितलं, की मावशी, ते म्हणाले तुम्ही राजीखुशीनं वाडी सोडताय.

"आमी? आमी कवा म्हनलं?" मग ठकूबाई माझ्याकडे वळली. "अंगठं कुटलं गं, बाई?"

मी खाली मान घातली. तिला कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. सोबतच्या दोघींना म्हणाली, "चला गं, अंधार व्हायच्या आत वर जाऊ." चहा तसाच राहिला.

मी नानांना फोन लावत राहिले, उचलला नाही. मग माहिती अधिकारात अर्ज केला. तेवढं तर मला येतं. नक्कल हाती यायला दीड महिना गेला. वरच्या मोकळ्या जागेत टाईप केलेला मजकूर, इतका नेटका, की एक वेलांटी चुकली नव्हती. खाली एकतीस अंगठे आणि प्रत्येकाशेजारी नाव, माझ्या अक्षरात. ठकूबाईचा अंगठा लांबूनही ओळखू येतो. कोयता लागलेला आहे, मधून आडवी पांढरी रेघ उमटते. ती रेघ बघून मी नक्कल पालथी ठेवली. तोवर वाडीच्या वळणावर जेसीबी येऊन उभा राहिला होता. डोंगरउतारावर बंगले होणार, असा फलक लागला होता.

नानांचे कुणी नातेवाईक त्या बंगल्यांच्या धंद्यात आहेत असं लोक म्हणतात. मी ते लिहिणार नाही. पुराव्याशिवाय लिहायची मला सवय नाही, आणि ही सवयही नानांनीच लावलेली.

मी वाडीवर गेले. साठी उलटल्यावर तो चढ जिवावर येतो. ठकूबाई दारात लाकडं फोडत होती. मी सगळं सांगितलं, कागद मी दिले, हातानं दिले. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली.

"मला त्येचं काय वाटत न्हाई," ती म्हणाली. "पुढारी हाय त्यो. तू आमच्यातली व्हतीस."

मग म्हणाली, "रस्त्याच्या कडंला पत्र्याच्या खोल्या देनार म्हनं. तितं खेकडं घावत्यात का? सरपान घावतंय का? माजा न्हवरा तितं पुरलाय का?"

मी एवढंच म्हटलं, की कागद कोरे होते असं मी लिहून देते. प्रतिज्ञापत्र करते. ती म्हणाली, "दे. पर आमी अंगठा देनार न्हाई. तूच दे तुजा."

प्रतिज्ञापत्र केल्याची कुणकुण लागली तेव्हा मात्र नाना आले. टेबलाकडे नाही, घरी. ओसरीवर बसले. मी पाणी ठेवलं. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही हे अजून मला जमत नाही.

"वहिनी, वाडी आज ना उद्या जाणारच होती. मालकानं विकलीय जमीन. मी निदान पत्र्याचं छप्पर तरी मिळवून दिलं. नाहीतर माणसं हात हलवत रस्त्यावर आली असती."

"मग तसं त्यांना सांगायचं होतं, नाना. तुम्हाला तर सांगता येतं."

"त्यांनी ऐकलं नसतं."

"बरोबर. म्हणूनच विचारायचं असतं ना?"

त्यांनी घोटभर पाणी घेतलं. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, "तुमच्यासाठी आलोय. कोऱ्या कागदावर अंगठे घेणं गुन्हा आहे. तुम्ही ते कबूल केलंत तर परवाना जाईल, वर चौकशी. माझं काही होणार नाही. मला मिळाले तसे मी कागद सभागृहात ठेवले, असं मी म्हणेन. तुम्ही कशाला मरताय?"

खरं सांगते, त्या आवाजात काळजी होती. सोंग नव्हतं. तेच मला जास्त लागलं. धमकी दिली असती तर मी भांडले असते.

प्रतिज्ञापत्रावरची सुनावणी पौडलाच झाली. ज्या कचेरीच्या बाहेर मी जन्म काढला, तिच्या आत मला पहिल्यांदा खुर्ची दिली. नाना एका बाजूला, लोकप्रतिनिधी म्हणून. मागे भिंतीला टेकून ठकूबाई आणि वाडीची पाच-सहा माणसं उभी. तहसीलदार साहेबांनी तो अंगठ्यांचा अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"ही नावं कुणाच्या अक्षरात आहेत?"

"माझ्या."

"अंगठे घेतले तेव्हा वर काय लिहिलेलं होतं?"

"काही नाही साहेब. कागद कोरा होता."

"कोऱ्या कागदावर अंगठे घेणं चूक आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"आता ठाऊक आहे."

साहेबांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. मी नानांकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर तेच माझ्याजवळ आले. "वहिनी, शेवटी माझ्याविरुद्ध बोललात."

मी म्हटलं, "नाना, मी माझ्याविरुद्ध बोलले. तुम्ही त्यात आलात."

ते गाडीत बसले. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

तो अर्ज बाद झाला. वाडी हलवायला तूर्त मनाई आहे आणि मोजणीचा आदेश निघाला आहे. मोजणीवाले एकदा येऊन गेले, उरलेलं पावसानंतर करू म्हणाले. जेसीबी वळणावरून हललेला नाही. माझा परवाना गेला. चिंचेखाली आता दुसरा कुणी बसतो. ठकूबाई बाजाराच्या दिवशी आमच्या घरावरून जाते. परवा थांबली, दारातूनच म्हणाली, "मोजनीचा एक खुंट रवलाय माज्या दाराम्होरं." मी म्हटलं, "आत ये, चहा टाकते." म्हणाली, "नगं," आणि गेली. मी तिला दोष देत नाही.

नाना अजून सभागृहात आहेत, लक्षवेधी अजून लागतात. परवा सुनेनं मोबाइल लावला होता, आणि नाना कुठल्याशा लांबच्या नदीकाठच्या गावाबद्दल बोलत होते. काय बोलत होते म्हणून सांगू! माझे हात भांड्यातच थांबले, पाण्याचा आवाज नको म्हणून नळ बंद केला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि ऐकता ऐकता मनात आलं, त्या गावातल्या कुठल्या बाईनं यांच्या हातात काय दिलं असेल? तिला निरोप कसा धाडावा, ते मला कळत नाही. गावाचं नावसुद्धा नीट ऐकू आलं नाही.